दमेकऱ्याला दोष देण्यापूर्वी



खाटेच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून श्वास घेणारा माणूस आपल्या वस्तीत शोधावा लागत नाही. तो कोणाचा बाप असतो, कोणाची आई असते, कोणाचा चुलता असतो. त्याच्याविषयी घरातली माणसे काय बोलतात ते ऐका. 'रात्रभर झोपत नाही आणि कोणाला झोपू देत नाही.' 'दिवसभर पेंगतो.' 'एवढ्या-तेवढ्यावरून अंगावर येतो.' 'आंघोळीचा कंटाळा करतो.' 'विहारात येत नाही, चार माणसांत बसत नाही.' आणि शेवटी ते ठरलेले वाक्य येते: 'जन्मभर बिड्या ओढल्या, आता भोगतो आहे.'

या लेखात मला औषधोपचार सांगायचे नाहीत. ते काम डॉक्टरांचे. मला तुमच्यापुढे एक नीतीचा प्रश्न ठेवायचा आहे. ज्याला श्वास पुरत नाही आणि ज्याला झोप मिळत नाही, त्याच्या रागाला, भीतीला आणि उदासपणाला जबाबदार कोण? प्रश्न लहान वाटतो. परंतु आपण त्याचे काय उत्तर देतो यावर त्या माणसाची उरलेली वर्षे कशी जातील आणि त्या घरात शांती नांदेल की नाही, हे अवलंबून असते.

आधी आजार समजून घ्या

आपल्याकडे धाप लागली की तिला सरसकट दमा म्हणतात. परंतु उतारवयात जो आजार छातीत ठाण मांडून बसतो आणि जात नाही, तो बहुधा डॉक्टर ज्याला सी. ओ. पी. डी. म्हणतात तो असतो. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, त्यांत कफ साचतो आणि फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजून नष्ट होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात या आजाराने सुमारे ३५ लाख माणसे दगावली. तेव्हा हा काही एखाद्याच घरावर झालेला कोप नव्हे.

दमेकऱ्याला श्वास आत घेता येत नाही, असे आपल्याला वाटते. वस्तुतः त्याची मुख्य अडचण श्वास बाहेर टाकण्याची असते. आतली हवा पुरती बाहेर पडत नाही, ती छातीतच कोंडून राहते. भरलेल्या मडक्यात आणखी पाणी मावत नाही, तशी कोंडलेल्या छातीत ताजी हवा मावत नाही. असा माणूस घाबरला म्हणजे भराभर श्वास घेऊ लागतो. श्वास भराभर झाला की तो बाहेर टाकायला आणखी कमी वेळ मिळतो, अधिक हवा कोंडते, धाप वाढते. आणि धाप वाढली की भीती वाढते. भीतीने धाप आणि धापेने भीती, असे हे चक्र आहे. म्हणून 'उगाच घाबरतोस, काही होत नाही' हा उपदेश त्याच्या कामाचा नाही. त्याचे शरीर त्याला सांगत असते की तू बुडतो आहेस. गटांगळ्या खाणाऱ्याला काठावरून 'धीर धर' असे ओरडावे, तसा तो प्रकार आहे.

दिवस कसातरी निघतो. खरी परीक्षा रात्रीची. आडवे झाले की अनेकांची धाप वाढते, खोकला उसळतो. शिवाय झोपेच्या ज्या टप्प्यात आपल्याला बहुतेक स्वप्ने पडतात, त्या टप्प्यात फासळ्यांमधील स्नायू सर्वांचेच सैल पडतात. श्वासाचे बहुतेक काम छाती आणि पोट यांच्यामधील पडद्यावर, म्हणजे श्वासपटलावर येऊन पडते. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. परंतु ज्याच्या छातीत हवा कोंडली आहे, त्याचे श्वासपटल आधीच खाली दबून सपाट झालेले असते. त्याला हा भार पेलत नाही. मग रक्तातील प्राणवायू उतरतो आणि झोप पुन्हा पुन्हा मोडते. काहींना याच्या जोडीला झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याचा विकार असतो. मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडणे ही त्याची खूण. काही औषधेही झोप घालवतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते आणि मन अस्वस्थ होते. थिओफिलिनच्या जातीच्या गोळ्यांनीही कित्येकांची झोप जाते. आणि एकदा मध्यरात्री घुसमटून जागा झालेला माणूस दुसऱ्या रात्री अंथरुणालाच भितो. मिटलेला डोळा पुन्हा उघडेल ना, या शंकेने तो बसून राहतो.

आता अशा पंधरा रात्री काढलेल्या माणसाचा सोळावा दिवस डोळ्यांसमोर आणा. तो पेंगणार नाही तर काय करील? तो विसरेल, चिडेल, रडवेला होईल. आंघोळीचा कंटाळा करतो म्हणता. परंतु हात वर नेऊन डोके आणि अंग चोळणे त्याला जिना चढण्यासारखे जड जाते. चार माणसांत बसत नाही म्हणता. परंतु चार माणसांत खोकल्याची उबळ आली, बेडका पडला, बोलता बोलता वाक्य तुटले, तर लाज त्याला वाटते. बाहेर जाणे थांबले की हातपाय दुबळे होतात. हातपाय दुबळे झाले की थोड्या हालचालीने धाप लागते. मग तो आणखी बाहेर जात नाही. अशा रीतीने माणूस घराच्या एका कोपऱ्यात येऊन पडतो आणि मन खचत जाते. भीती आणि उदासीनता या दोन्ही गोष्टी या रुग्णांत इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतात, हे आज वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. आपल्याला मात्र ते ठाऊक नसते, आणि आपण आजाराच्या लक्षणांना स्वभावाचे दोष समजून बसतो.

तीन उत्तरे

अशा माणसाच्या दुःखाला आपल्याकडे तीन उत्तरे दिली जातात. ती एकेक तपासून पाहू.

पहिले उत्तर पूर्वजन्माचे. 'मागच्या जन्मी कोणाचा गळा दाबला असेल, म्हणून या जन्मी श्वास अडतो.' ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली त्यांच्या घरी येणाऱ्या आत्या-मावश्या हे बोलतात, आणि ज्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर कित्येक वर्षे आहे तेथेही ते कधी कधी ऐकू येते. भगवान बुद्धांना मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने नेमका हाच प्रश्न विचारला होता. तो प्रसंग संयुत्त निकायात आहे. माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सारे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? भगवंतांनी उत्तर दिले ते असे: काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही या तिन्हींच्या एकत्र येण्याने, काही ऋतू बदलल्याने, काही शरीराची हेळसांड झाल्याने, काही इजा झाल्याने. कर्माचा विपाक हे त्या यादीतले आठवे आणि शेवटचे कारण आहे. म्हणून सर्व काही पूर्वकर्मानेच होते असे सांगणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या पलीकडे आणि जगाला जे माहीत आहे त्याच्याही पलीकडे जाऊन बोलतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हा विचार आणखी पुढे नेला. गरिबांची आणि दीनांची दशा त्यांच्या पूर्वकर्माची आहे असे एकदा ठरवले म्हणजे समाजाची आणि राज्याची जबाबदारी संपते. जबाबदारी टाळणे याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. हेच सूत्र आपल्या घराला लावून पाहा. म्हाताऱ्याची धाप पूर्वजन्माची ठरली की रात्री उठायला नको, दवाखान्यात न्यायला नको, उशा उंच करायला नको. दोन शब्द बोलून सगळे मोकळे!

दुसरे उत्तर बिडीचे. ते शास्त्रीय दिसते, म्हणून अधिक फसवे आहे. धूम्रपान हे या आजाराचे मोठे कारण आहे यात शंका नाही. कोणत्याही वयात बिडी सोडली तरी फुप्फुसाची झीज मंदावते, म्हणून ती आजच सोडली पाहिजे, यातही शंका नाही. परंतु कारण सांगणे वेगळे आणि दोष देणे वेगळे. कारण शोधणारा विचारतो, 'हे कशाने झाले आणि आता काय करता येईल?' दोष देणारा विचारतो, 'हे कोणामुळे झाले आणि त्याला किती सोसायला लावावे?' पहिला प्रश्न धम्माचा आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते दूर करता येते, हाच तो विचार. दुसरा प्रश्न जुन्या कर्मसिद्धांताचाच आहे. मागचा जन्म काढून त्याच्या जागी बिडी ठेवली, एवढाच फरक.

शिवाय ज्यांनी बिडी कधी हातात धरली नाही त्यांचे काय? पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की जगातील या आजाराच्या सुमारे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. त्यांत आपल्या मायबहिणी आल्या. गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या पेटवून, फुंकणीने जाळ फुंकीत ज्यांची चाळीस-चाळीस वर्षे कोंदट स्वयंपाकघरात गेली, त्यांनी कोणते व्यसन केले होते? २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. परंतु आधी छातीत गेलेल्या धुराने केलेली झीज गॅसने भरून येत नाही, आणि सिलिंडर परवडत नाही तेथे चूल अजूनही पेटतेच.

मुंबईच्या कापड गिरण्यांचेही आठवा. विणखात्यात पगार अधिक. परंतु तेथे धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात शिरकाव नव्हता. त्याच्या थुंकीने सूत बाटेल, ही भीती! १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी या अन्यायाला उघड वाचा फोडली. त्याच्या तोंडाने सूत बाटते की काय, याची काळजी वाहणारे पुष्कळ होते. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्याच्या छातीचे काय होते, याची काळजी वाहणारे थोडे. त्या धुळीने होणाऱ्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याने त्याची गणना सरकारला कळवण्याच्या रोगांत केली होती. गिरण्या बंद पडल्या; परंतु दगडखाणी, खडी फोडणारी यंत्रे, झाडूकाम यांतली धूळ काही संपली नाही. ही कामे कोणाच्या वाट्याला आली आणि का आली, हे तुम्हाला सांगायला नको. अशा माणसाला 'तुझ्याच कर्माने' असे म्हणताना आपण कोणाची बाजू घेतो आहोत, याचा विचार करा.

तिसरे उत्तर दयाळू आहे. 'तो बोलत नाही, त्याचा आजार बोलतो. मनावर घेऊ नका.' हे अर्धे खरे आहे आणि पहिल्या दोन्ही उत्तरांपेक्षा कितीतरी बरे आहे. परंतु ते पूर्ण खरे मानले तर माणूसच हिशेबातून निघून जातो. मग त्याला घरातले काही विचारायचे नाही, काही सांगायचे नाही. त्याच्या देखत त्याच्याविषयी बोलायचे, जणू खाटेवर एक गाठोडे ठेवले आहे. नातीचे लग्न ठरते आणि आजोबांना ते शेजाऱ्याकडून कळते. त्याला दोषातून मोकळे करता करता आपण त्याचा मानही काढून घेतो, आणि ज्याला मान उरला नाही त्याला सकाळी उठावेसे तरी का वाटावे?

जितके हातात, तितकी जबाबदारी

मग योग्य उत्तर कोणते? धम्मात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या संकल्पात आहे. धापेच्या भरात त्याने हात झटकला, तो ओरडला, ताट लोटले, हे त्याने ठरवून केलेले नाही. त्या क्षणाचा हिशेब मांडू नये. परंतु श्वास जागेवर आला, चहाचा घोट पोटात गेला, मन थाऱ्यावर आले की तो पुन्हा विचार करू शकतो. तेव्हा सुनेला 'पोरी, मघाशी तुला उगाच बोललो' एवढे म्हणणे त्याच्या हातात आहे. पंप वेळेवर घेणे त्याच्या हातात आहे. नातवाला बिडी आणायला न पाठवणे त्याच्या हातात आहे. जितके हातात, तितकी जबाबदारी. जितके हाताबाहेर, तितकी क्षमा. माझ्या मते हाच येथला मध्यम मार्ग.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नसत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले, आणि भिक्खूंना बजावले, की ज्याला माझी सेवा करायची इच्छा असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ही कथा आपण विहारात ऐकतो. तिच्या पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. भगवंतांनी तेथेच आजाऱ्याचे आणि सेवा करणाऱ्याचेही गुणदोष सांगितले. कोणता आजारी सांभाळायला अवघड? जो अपाय होईल तेच करतो, पथ्याच्या गोष्टीतही प्रमाण राखत नाही, औषध घेत नाही, दुखणे वाढले की उतरले हे हितचिंतकाला खरे सांगत नाही आणि वेदना सोशीत नाही. कोणता सेवक सेवेला अपात्र? ज्याला औषध तयार करता येत नाही, पथ्य-कुपथ्य कळत नाही, जो मैत्रीने नव्हे तर लाभाच्या आशेने सेवा करतो, ज्याला मलमूत्राची आणि थुंकीची किळस येते, आणि ज्याला वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याच्या मनाला उभारी देता येत नाही.

यात दोघांनाही कर्तव्य सांगितले आहे. आजाऱ्याला कर्तव्य आहे, याचाच अर्थ तो अजून आपल्यातला एक माणूस आहे.

आजाऱ्याच्या कर्तव्यांपैकी एकाकडे मी तुमचे लक्ष वेधतो: दुखणे खरे सांगणे. आपले लोक डॉक्टरपुढे खोकला सांगतात, कफ सांगतात. परंतु 'रात्री भीती वाटते', 'रडू येते', 'कशात मन लागत नाही' हे सांगत नाहीत. पुरुषाला तर ते सांगणे कमीपणाचे वाटते. भीती ही धापेइतकीच आजाराची बाब आहे. रात्रीतून किती वेळा जाग आली, सकाळी डोके दुखते का, दिवसा झापड येते का, मन उदास असते का, हे डॉक्टरला सांगितलेच पाहिजे. छातीच्या डॉक्टरने विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. यावर उपाय आहेत. औषधाची वेळ बदलता येते, समुपदेशन मिळते, लागल्यास मनाच्या डॉक्टरचे औषध मिळते. देखरेखीखाली काही आठवडे चालण्याचा आणि हातापायांचा व्यायाम केला तर धाप आणि भीती दोन्ही कमी होतात.

सेवा करणारी कोण?

सेवा करणाऱ्याचाही प्रश्न आहे. तो न मांडता नुसते 'आजाऱ्यावर करुणा करा' असे सांगणे अन्यायाचे होईल. रात्री दोन वाजता उठून पाठ चोळणारी, कोमट पाणी देणारी, उशा रचणारी कोण असते? बहुतेक घरांत पत्नी, नाहीतर सून. सकाळी पुन्हा तीच डबे करते आणि तीच कामावर जाते. तिचीही झोप गेलेली असते, तिचेही डोके दुखते, तिचाही तोल जातो. आणि तिला मात्र कोणी आजारी म्हणत नाही. करुणा म्हणजे घरातल्या एका बाईवर लादलेली वेठ नव्हे. आपण समतेचा धम्म स्वीकारला आहे. तेव्हा मुलाने, नातवाने, जावयाने रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या पाहिजेत. कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या माणसाने घरात रात्रपाळी करायला लाजू नये.

भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेवर मनाने चडफडणे, झुरणे हा दुसरा. शहाणा माणूस दुसरा बाण लागू देत नाही. हा दृष्टांत आपण आजाऱ्याला सांगतो. परंतु दुसरा बाण पुष्कळदा घरातूनच सुटतो, हे विसरतो. 'तुमच्यापायी घर बुडाले', 'आणखी किती दिवस?' असे शब्द रात्री अंधारात पुन्हा पुन्हा आठवतात, आणि ते आठवले की श्वास अडतो. आपण आपल्यावर ओझे झालो, ही चिंता झोपेचा मोठा शत्रू आहे.

यावर नकुलमातेने काय केले ते अंगुत्तर निकायात आहे. भग्गांच्या देशात राहणारा तिचा पती नकुलपिता फार आजारी पडला. तिने ओळखले की त्याला चिंता खाते आहे. तिने त्याला एकेक चिंता नाव घेऊन सांगितली आणि एकेक दूर केली. माझ्यामागे ही मुलांना कशी पोसेल, ही चिंता करू नका. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मी मुलांना पोसीन, घर सांभाळीन. अशा गोष्टी सांगून तिने त्याला चिंता घेऊन मरू नका असे विनवले. नकुलपित्याला बरे वाटले, आणि पुढे तो काठी टेकीत भगवंतांच्या दर्शनाला गेला. या कथेतून मी असा बोध घेत नाही की गोड बोलण्याने फुप्फुस बरे होते. ते होत नाही. परंतु चिंतेचे नाव घेऊन, हिशेब मांडून तिला उत्तर देणे, हे 'काळजी करू नका' अशा मोघम बोलण्यापेक्षा फार वेगळे आहे. मुलीच्या फीचे काय झाले, कर्जाचा हप्ता कोण भरतो, हे म्हाताऱ्याला सांगा. त्याला झोप लागायला त्याची मदत होते.

घरात काय करावे

धाप लागली तेव्हा भोवती गर्दी आणि उपदेश नको. एकाने शेजारी बसावे, हळू बोलावे. त्याला पुढे वाकून हात टेकू द्यावेत. नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ हळूहळू सोडायला सांगावे. आपणही त्याच्याबरोबर तसेच करावे. चेहऱ्यावर वारा घातल्यानेही धाप कमी जाणवते. आपल्यापैकी काहीजण आनापानसतीचा अभ्यास करतात. परंतु ज्याला एकेक श्वास मोजून मिळतो, त्याला श्वासाकडेच लक्ष दे म्हटले तर काही वेळा भीती वाढते. अशा वेळी जमिनीला टेकलेल्या तळपायांकडे किंवा घड्याळाच्या टिकटिकीकडे लक्ष लावू द्यावे. साधना माणसासाठी आहे, माणूस साधनेसाठी नाही.

घरात वंदनेच्या वेळी अगरबत्तीचा धूर करू नये. तो धूर श्वासनलिकांना झोंबतो. फुले वाहिली तरी वंदना होते. विहारात अशा माणसासाठी दाराजवळ, मोकळ्या हवेत एक खुर्ची ठेवावी. त्याला त्रिशरण-पंचशील मोठ्याने म्हणता आले नाही, तर त्याने मनात म्हणावे. खुर्चीवर बसलेला माणूस कमी श्रद्धेचा असतो असे कोणी समजू नये.

झोप यावी म्हणून दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. त्यांतल्या पुष्कळ गोळ्या श्वासाची गती मंद करतात, आणि या आजारात ते जिवावर बेतू शकते. दारूचेही तेच. 'थोडी घेतली की झोप लागते' म्हणणाऱ्याला पंचशीलातल्या पाचव्या शीलाची आणि बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची आठवण द्या. येथे शील आणि वैद्यक एकच गोष्ट सांगतात.

प्राणवायूचे यंत्र घरी आले म्हणजे 'आता शेवट आला' असे समजून काहीजण ते लावायला लाजतात, तर काहींना त्याची सवय लागेल अशी भीती वाटते. ज्यांच्या रक्तात प्राणवायू कायमच फार कमी असतो, त्यांना रोज पंधरा तास किंवा अधिक तो दिला तर आयुष्य वाढते, हे १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. मात्र त्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. आपल्या मनाने वाढवणे काही रुग्णांना घातक असते. त्या यंत्राजवळ बिडी, मेणबत्ती, चूल मुळीच नको.

आणखी एक गोष्ट जपून लक्षात ठेवा. असा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, अतिशय गुंगीत गेला, ओठ निळसर दिसले, तर कोणीतरी म्हणेल, 'बाहेरचे लागले, भूत छातीवर बसले.' गंडा-दोरा, अंगारा, मांत्रिक यांत एक तासही घालवू नका. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने किंवा प्राणवायू उतरल्याने असे होते. तडक रुग्णालय गाठा. जुन्या समजुतीपायी येथे माणूस प्राणाला मुकतो.

आणि तो 'आता जगून काय करायचे?' असे म्हणू लागला, तर ते म्हातारपणाचे रडगाणे समजून उडवून लावू नका. त्याला एकटे सोडू नका, ऐकून घ्या, डॉक्टरकडे न्या. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अशा वेळेसाठीच आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, ज्या व्यवस्थेने आपल्या जन्मालाच दोष ठरवले, ती आपण नाकारली. ती नाकारताना आपण जगाला सांगितले, की माणसाच्या दशेला कारणे असतात आणि ती बदलता येतात. तोच नियम आपल्या घरातल्या खाटेवर बसलेल्या माणसालाही लागू करा. येत्या पौर्णिमेला विहारात जाण्यापूर्वी शेजारच्या दमेकऱ्याच्या घरी थांबा आणि त्याला विचारा, 'रात्री झोप लागली का?' त्याचे वाक्य धापेने मध्येच तुटेल. ते पुरे होईपर्यंत बसून राहा.